रसाची कंपनी

काकीच्या अंगणात, पेंढ्याच्या उडवीला टेकवून, निळ्या प्लॅस्टिकची एक क्रेट ठेवलेली आहे आणि तिच्यात कोंबडी अंड्यांवर बसली आहे. क्रेटची एक कड मोडलीय, निळा रंग उन्हानं विटून राखेसारखा झालाय. बाजूच्या पट्टीवर काळ्या मार्करनं लिहिलेलं एक अक्षर अजून दिसतं, ‘शे’. पुढची दोन अक्षरं पावसानं नेली. मला ती वाचायची गरज नव्हती. माझ्याच हातची होती ती. शेनिन.

शेनिन ब्लां हे एका पांढऱ्या द्राक्षाचं नाव. घड लहान आणि गच्च, मणी एकमेकांना चिकटलेले, साल पातळ, आत दोन-तीन बिया. कच्चं असताना हिरवं, आणि पिकलं की उन्हाकडच्या अंगाला पिवळं, हळदीचं बोट लावल्यासारखं. तोंडात टाकलं की आधी मध, मग पेरू, आणि शेवटी जिभेच्या कडेला बारीकशी आंबट चिमट. बाजारात हे द्राक्ष मिळत नाही, कारण ते खाण्यासाठी लावतच नाहीत. ते वाईनसाठी लावतात. हे शेवटचं वाक्य मी या गावात चौदा वर्षं उच्चारलेलं नाही.

गाव पेण तालुक्यातलं. महामार्गावर गडबला उतरायचं आणि खाडीच्या अंगाला अर्धा तास चालायचं. डांबर संपतं, मग माती, मग मातीलाच खारा वास यायला लागतो. पूर्वी इथून पुढं मिठागरं दिसायची, आरसे अंथरल्यासारखी. आता तिवरांचं रान माजलंय. बांध फुटला तो कुणी बांधला नाही, आणि भरतीचं पाणी येतं-जातं, त्याला कुणी अडवत नाही.

माझा बापूस त्या मिठागरावर होता. थंडी पडली की कोंडीचा, म्हणजे मिठाच्या वाफ्याचा, तळ पायांनी मळायचा असे. दहा-बारा माणसं एका ओळीत उभी राहायची, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, आणि थप थप थप, चिखल असा मळायची की शेवटी त्यावर बोट उमटत नसे. तो आवाज आमच्या घरापर्यंत यायचा. सकाळी मी त्यानंच जागी व्हायचे. मग पाणी घ्यायचं, मग ऊन, मग नुसती वाट पाहणं. माघातल्या एखाद्या दुपारी पाण्यावर सायीसारखा पापुद्रा धरायचा आणि बापूस मला बांधावर बसवून म्हणायचा, “कान दे. मीठ पडताना आवाज येतो.” मला कधीच काही ऐकू आलं नाही. मी तरी मान हलवायचे. आता वाटतं, त्याच्याशी खोटं बोलायची सवय मला तिथंच लागली असावी. पण तेव्हा ते खोटं दोघांनाही गोड लागायचं.

घरी आल्यावर तो दारातच पाय धुवायचा. टाचांच्या भेगांत मिठाचे दाणे अडकलेले असत. धुतल्यावरही त्याच्या अंगाला एक वास राहायचा, ऊन आणि समुद्राचा चिखल मिळून झालेला. मी पुढं किती तरी अत्तरांच्या आणि वासांच्या परीक्षा दिल्या, त्यात पहिला नंबरही काढला. तो वास काही कुठल्या बाटलीत सापडला नाही.

बापसाचा धाकटा भाऊ सदाकाका. ढोलकी वाजवायचा. हसायला लागला की बसल्या जागी गुडघे पोटाशी घ्यायचा. मी दहा वर्षांची असताना एका भाद्रपदात तो गेला. दारूनं गेला. त्याच्यामागं काकी राहिली आणि तिच्या कडेवर नितीन. काकी रोह्याकडची, खांबजवळच्या एका गावची. तिचे भाऊ तिला न्यायला आले होते. ती गेली नाही. म्हणाली, “इथला भात पेरलाय, तो कोण कापणार?” तिनं कापला. त्यानंतरची प्रत्येक वर्षीची कापणी तिचीच. शेताच्या बांधावर वाल, परड्यात पडवळ, आणि कडेवरचा पोरगा हळूहळू खांद्याएवढा.

सदाकाका गेला त्याच्या पुढच्या शिमग्याला बापसानं एक गोष्ट सुरू केली. होळीसाठी सावरीचं लांब झाड आणून उभं केलेलं असायचं, बायका पुरणपोळीची ताटं घेऊन यायच्या, आणि बाप्ये लोक दुपारपासूनच डोळे तांबडे करून बसलेले. ऊन उतरता उतरता बापूस एका धुतल्या पंच्यात मीठ घेऊन आला. आपल्याच कोंडीतलं, जाड, करड्या रंगाचं. होळीला पेटती काडी लागायच्या आधी तो मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, “ज्याला दारू नको हाय त्यानी मूठ भरा आणि बोला, या होलीपासून त्या होलीपत्तर नाय.”

कुणीतरी विचारलं, “जल्माचं नको काय?”

“जल्माचं कोन बोलतंय? तू वरसाचं बोल.”

त्या वर्षी तिघं पुढं आले. पुढच्या वर्षी आठ. मूठ भरायची, शब्द बोलायचे, आणि मीठ होळीत टाकायचं. आग तडतड वाजायची. तो आवाज मात्र मला खरोखर ऐकू यायचा. काकी दूर उभी राहून पदर दातात धरून ते बघायची. सतरा वर्षं बापसानं एकही होळी चुकवली नाही. मिठागर बंद पडलं त्या साली त्यानं शेवटच्या राशीतली दोन पोती घरात आणून ठेवली, आणि आम्हांला निक्षून सांगितलं, “ह्याच्यातलं आमटीत नाय घालायचं.”

मी पेणला कॉलेजात गेले, रसायनशास्त्र घेतलं, आणि तेविसाव्या वर्षी मला नोकरी लागली ती दिंडोरीच्या बाजूला, एका वाईनच्या कारखान्यात. काम प्रयोगशाळेतलं. बागेत फिरून मणी गोळा करायचे, त्यांचा रस काढून त्यातली साखर मोजायची, कुठली ओळ कधी तोडायची ते सांगायचं. पत्र आलं त्या संध्याकाळी बापूस ओटीवर जाळं विणत बसला होता. काकीही होती.

“कसली कंपनी गो?” त्यानं मान वर न करता विचारलं.

मी म्हटलं, “द्राक्षाच्या रसाची.”

तेवढंच. त्यासाठी मी आधी काही ठरवलं नव्हतं. सदाकाकाची बायको समोर बसलेली होती आणि जिभेवर दुसरा शब्द आला नाही. आणि मनात मी स्वतःला लगेच समजावलं की हे खोटं नाही. द्राक्षाचा रसच तर काढतात. पुढं त्याचं काय होतं, ते कुणी विचारलं नाही.

काकीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “बरं झालं बाय. रस म्हंजे चांगलं काम.” दुसऱ्या दिवसापासून बापूस गावात सांगत सुटला, लेक रसाच्या कंपनीत हाय, नाशकाला, पांढरा कोट घालते.

दिंडोरीचं मला आधी काहीच आवडलं नव्हतं. हवेत मीठ नाही, पाणी गोडं आणि जड. पण ऑक्टोबरात छाटणी झाली, उघड्या काड्यांवर लव असलेले गुलाबी डोळे फुटले, आणि मी हळूहळू त्या बागेची झाले. तारांवर ताणलेल्या सरळ ओळी, लाल मुरूम, ओळींच्या टोकाला लावलेली गुलाबाची झाडं. फुलोऱ्यात शेनिनला इतका नाजूक वास येतो की वारा असला तर मिळतच नाही. पहाटे, ओळीत अगदी मधोमध, नाक जवळ नेऊन उभं राहायचं, तेव्हा कुठं तो कळतो. फेब्रुवारीत तोडणी. तोडायला बायका यायच्या, उजाडता उजाडता, हातात कात्र्या, डोक्याला रुमाल, आणि थंडगार घड क्रेटमध्ये पडल्याचा मऊ आवाज. ऊन तापायच्या आत सगळं आटपायचं.

दरवर्षी तोडणी संपता संपता मी एक क्रेट भरून घरी आणायचे. नाशिकहून एसटीनं, मांडीवर धरून. बापूस ती ओटीवर ठेवायचा आणि घराघरांत वाटे घालायचा. पहिला घड गावदेवीपुढं. मग काकीला, मग बाळंतिणींना, म्हाताऱ्यांना. काकी एकेक मणी चोखून बी तळहातावर थुंकायची आणि म्हणायची, “मधाचीच हायत गो.” देवीपुढं तो घड ठेवलेला मी पाहायचे. पिवळे मणी, त्यावर कुंकवाचं बोट. मी हात न जोडताच वळायचे. तरी पुढच्या वर्षी मी पुन्हा क्रेट आणायचे, कारण बापसाचा चेहरा त्या आठ दिवसांत असा दिसायचा, जसा मी मिठागर बंद झाल्यापासून पाहिला नव्हता.

चौथ्या वर्षी त्यानं फोनवर सांगितलं, “मी येतंय बघायला. हातांना काम नाय माझ्या. तोडायला बायका लागतात ना? मना पन लावून घे.”

मी नको म्हणायला हवं होतं, किंवा खरं सांगायला हवं होतं. मी तिसरंच केलं. तोडणीच्या बायकांना बागेच्या कडेला जमवलं आणि म्हटलं, माझे वडील येतायत, त्यांच्यासमोर दारूचं नाव काढू नका, रस म्हणा. बायका हसल्या. त्यांच्यात म्होरकी होती ताराबाई, दिंडोरीचीच, साठीला आलेली. ती हसली नाही.

“ताई, मी खोटं नाय बोलायची,” ती म्हणाली. “पण गप बशीन.”

बापूस आठ दिवस राहिला. ते आठ दिवस मी डोळे मिटून आजही चालू शकते. त्याला कात्री द्यायच्या आधी ताराबाईनं दाखवलं, देठ कुठं धरायचा, कसा कापायचा की घड दबणार नाही. दुसऱ्या दिवशी तो तिच्या बरोबरीनं ओळ काढत होता. दुपारच्या भाकरीला तो बायकांना मिठागराच्या गोष्टी सांगायचा. त्या त्याला मामा म्हणायला लागल्या. मी साखर मोजायच्या दुर्बिणीत रसाचे दोन थेंब टाकून त्याला बघायला दिले, तर तो म्हणाला, “कशाला पायजे हे यंत्र?” आणि एक मणी दातांखाली फोडून, बी चावून, सांगायचा, “हे झालं. हे अजून दोन रोज.” माझं यंत्र तेच सांगायचं. मिठानं घडवलेली जीभ होती ती. एका संध्याकाळी ओळीच्या टोकाला बसून तो म्हणाला, “सदा असता त त्याला पन आनला असता.” मी बुटाला लागलेला मुरूम काडीनं काढत राहिले.

आठव्या दिवशी ट्रॅक्टरवर माणूस कमी पडला. मी प्रयोगशाळेत होते. बापूस आपण होऊन क्रेट उतरवायला ट्रॅक्टरबरोबर कारखान्यात गेला.

मला तिथं बोलावलं नाही कुणी. प्रयोगशाळेला काच होती, त्यातून मला दिसलं. रिकामी क्रेट हातात धरून तो टाक्यांच्या खोलीच्या दारात उभा होता. त्या खोलीत तेव्हा आधीच्या आठवड्याचा रस आंबत होता. आम्हांला त्या वासाची सवय झालेली असते, आम्ही त्यात पेरू शोधतो, अननस शोधतो. त्यानं एकदाच श्वास घेतला असेल. त्याच्या घरात, त्याच्या पाठच्या भावाच्या तोंडाला, तो वास वर्षानुवर्षं आला होता. त्यानं क्रेट हळूच खाली ठेवली, बाकीच्या क्रेटवर नीट बसवली, आणि बाहेर नळाखाली हात धुतले. कोपरापर्यंत धुतले.

मी खोलीवर आले तेव्हा तो पिशवी भरत होता. मी दारात उभी राहिले.

“आंबवतात?” त्यानं विचारलं.

“हो.”

“लोकं पितात ती?”

“थोडी पितात, बाबा. जेवणाबरोबर. ती तशी दारू नसते.”

त्यानं पंच्याची घडी केली, उघडली, पुन्हा केली. “सदानी पन जेवनाबरोबरच सुरू केलीनी,” तो म्हणाला.

मी वाट पाहत राहिले, की तो ओरडेल, की नोकरी सोड म्हणेल. त्यानं मला एसटी स्टँडपर्यंत येऊही दिलं नाही. निघताना ताराबाईला भेटून गेला. तिनं नंतर मला सांगितलं, तिच्याशी तो फक्त एवढंच बोलला, की द्राक्षं चांगली हायत, द्राक्षांचा काय दोष नाय.

पाच दिवसांनी होळी होती. तोडणी चालू होती म्हणून मी गेले नाही. तेही खरं कारण नव्हतं. होळीच्या दुसऱ्या दिवशी काकीचा फोन आला.

“तुझा बापूस काल मीठ घेऊन आलाच नाय गो. लोकं उभी होती. नितीन त्याला बोलवायला गेला त बोलला, औंदा नाय. आजारी हाय काय तो? तुझ्याकरं काय झालं काय?”

“दमलाय काकी,” मी म्हणाले. “प्रवासानं.”

त्या होळीनंतर बापसानं पुन्हा कधी मीठ नेलं नाही. लोकांनी एक-दोन वर्षं विचारलं, मग सोडून दिलं. कुणी म्हणालं म्हातारा थकला, कुणी म्हणालं मिठागर गेलं तसं त्याचं मनही गेलं. मी मे महिन्यात घरी आले तेव्हा ती दोन पोती पडवीत तशीच होती, खाडीच्या दमट हवेनं खालून ओली व्हायला लागलेली. रात्रीचं जेवण झाल्यावर मी धीर करून विचारलं, का नाही नेलं.

त्यानं पडवीतल्या पोत्यांकडं पाहिलं. मग म्हणाला, “गावात मी सांगतो लेक रसाच्या कंपनीत हाय. तुझी काकी समोर असते, तिला पन तेच सांगतो. मंग मूठभर मीठ धरून दुसऱ्याला कसं बोलू, खरं बोल म्हनून?”

“मी सांगते सगळ्यांना,” मी म्हटलं. “उद्याच सांगते.”

“तू सांगशील त तुझ्या काकीला काय वाटंल? तिनी देवीपुढं ठेवलेला घड खाल्लाय.” मग अगदी साध्या आवाजात, “आता क्रेट नको आनू. लोकं इचारतात, मना बोलायला लागतं.”

मी सांगितलं नाही. उद्या गेला, परवा गेला, माझी रजा संपली. त्यानं मला अडवलं असं मी स्वतःला पुढं किती तरी वर्षं सांगत आले. त्यानं अडवलं नव्हतं. त्यानं फक्त विचारलं होतं, आणि मी ते उत्तर म्हणून घेतलं, कारण मला ते सोयीचं होतं.

माझं तिकडं चांगलं चाललं. मी प्रयोगशाळेची प्रमुख झाले. आमच्या शेनिनला शहरातल्या मोठ्या हॉटेलांतून मागणी यायला लागली, आणि तोडणीचा दिवस कुठला, हे माझ्या शब्दावर ठरायचं. तो शब्द देताना मी यंत्र बाजूला ठेवून बी चावून बघायचे. बायका म्हणायच्या, मामांची पद्धत.

आणि इथं नितीन. तो तेव्हा वीस वर्षांचा होता, डोलवीला पोलादाच्या कारखान्यात ठेकेदाराकडं लागला होता, शिफ्टमध्ये. त्याआधीच्या दोन होळ्यांना त्यानं बापसाच्या पंच्यातलं मीठ उचललं होतं. तिसऱ्या होळीला पंचा आला नाही. त्याच वर्षी त्यानं प्यायला सुरुवात केली. मी असं म्हणत नाही की मूठभर मीठ त्याला वाचवणारच होतं. कदाचित नसतं. मीठ घेऊनही मोडणारे होते. पण काकीनं मला फोनवर एकदा सांगितलं होतं, “तो बोलतो, आये, काका आता इचारीत नाय ना, मंग कुनाला सांगायचं हाय?” हे वाक्य मी कितीही वर्षं, कितीही वेळा धुतलं तरी निघत नाही. दोन वर्षांत त्याचा गेटपास गेला. मग एकदा महामार्गावर मोटरसायकलवरून पडला आणि डावा पाय आखूड झाला. आता तो गडबला पंक्चरच्या दुकानात बसतो, जमेल तसा.

बापूस चार वर्षांपूर्वी गेला. तापानं, चार दिवसांत. मी पोहोचले तेव्हा बोलत होता, पण थोडं. मी त्याचे पाय दाबत बसले. टाचांच्या भेगा तशाच होत्या, आत मीठ नव्हतं. मला वाटत होतं आता तरी तो काहीतरी म्हणेल, माफ केलं म्हणेल, किंवा नाही केलं म्हणेल. त्यानं विचारलं, “औंदा तोडनी कवा हाय?” मी सांगितलं. तो म्हणाला, “पाऊस यायच्या आत काढा. सालपटी पातल हाय त्याची.” माझ्याशी बोललेलं हे त्याचं शेवटचं.

आज शिमग्यासाठी म्हणून मी आले, आणि आल्या आल्या अंगणात ही क्रेट. काकीनं ती टाकली नव्हती. कोंबडीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा पिसं फुगवली. मी चप्पल काढून आत गेले. काकी चुलीपाशी तांदळाची भाकरी थापत होती. तिचे हात आता थरथरतात, तरी भाकरी गोलच होते.

“बस बाय,” ती म्हणाली. “पानी घे.”

मी पाणी घेतलं नाही. उभ्या उभ्या सांगितलं. सगळं सांगितलं, ओटीवरच्या त्या संध्याकाळपासून. द्राक्षं कशाची, कंपनी कशाची. बापसाला कसं कळलं, आणि त्यानं मीठ का सोडलं. आवाज मध्येच फुटेल असं वाटलं होतं, पण तो कोरडाच राहिला, कुणाचा तरी अहवाल वाचावा तसा, आणि त्याचीही मला लाज वाटली.

तव्यावरची भाकरी करपली, काकीनं ती उलटली, मग काढून बाजूला ठेवली. तव्याखालची लाकडं मागं ओढली. पदरानं हात पुसले.

“म्हंजे तो थकला नवता,” ती म्हणाली.

“नाही.”

“मी त्याला लय बोलले गो. चार लोकांत बोलले. तुझ्यापायी माझा पोरगा दारूला लागला म्हनून बोलले. तो खाली मान घालून ऐकत व्हता.”

हे मला माहीत नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं मला.

“तू कंपनी कंची ते नाय सांगितलंस, त्याचा मना राग नाय,” काकी म्हणाली. “पोटासाठी मानूस काय पन करतो. पन त्याला एकट्याला ठेवलंस तू. सहा वरसं त्यानी सगलं एकट्यानी गिललं.”

ती उठली, ताट घेतलं, भाकरी वाढली, वालाचं बिरडं वाढलं, वाटीत सुकटीची चटणी. ताट माझ्यापुढं ठेवलं आणि स्वतः दाराकडं तोंड करून बसली. “जेवून जा,” ती म्हणाली. “होलीला नको थांबू.”

मी जेवले. एकही घास चवीला लागला नाही, आणि एकही टाकला नाही. तिनं पुन्हा एकदा बिरडं वाढलं, न विचारता, माझ्याकडं न बघता. निघताना मी पाया पडायला वाकले तेव्हा तिनं पाय मागं घेतले नाहीत. हातही डोक्यावर ठेवला नाही.

दुपार कलत होती. नितीन दुकानातून जेवायला आला होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. काकीनं त्याला एवढंच सांगितलं, “हिला गडबला सोर.” त्यानं माझी पिशवी घेतली. मी नको म्हटलं तरी दिली नाही. आम्ही मातीच्या वाटेनं चालायला लागलो. त्याचा डावा पाय प्रत्येक पावलाला थोडा मागं राहायचा, म्हणून मी हळू चालले. तो दाढी करून आला होता. जवळून चालताना मी त्याचा वास घेतला, त्याच्या नकळत. गुन्हेगारासारखा. साबण, रबर, घाम. दुसरं काही नव्हतं.

“होलीला नाय थांबत ताय?”

“काम आहे रे.”

हे खोटं आपोआप बाहेर पडलं. महामार्ग जवळ आला, ट्रकांचा आवाज यायला लागला. पुलाच्या अलीकडं तो थांबला, पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि रस्त्याकडं बघत म्हणाला, “ताय, इचारू काय? तुझ्या रसाच्या कंपनीत माझ्यासाठी काम हाय काय? कसलं पन. क्रेट उचलीन. हिकरं आता नाय राहवत. हिकरं राहिलो की संध्याकाली सगले बोलवतात.”

रोह्याकडून एसटी येताना दिसत होती, अजून लांब. हो म्हणणं किती सोपं होतं. माझ्या शब्दावर त्याला उद्या काम मिळालं असतं.

“नितीन,” मी म्हणाले, “ती रसाची कंपनी नाही. वाईनची आहे. त्या द्राक्षांची दारू करतात. मी पहिल्या दिवसापासून सगळ्यांना खोटं सांगितलं. माझ्या बाबांना ते कळलं, म्हणून त्यांनी मीठ आणायचं सोडलं. काकीला आज सांगितलं. आता तुला सांगतेय.”

तो माझ्याकडं बघत राहिला. मला त्याच्या तोंडावर राग हवा होता. तिथं राग नव्हता. तो काहीतरी जुळवत होता, मनातल्या मनात, एकेक करून. एसटी आली, ब्रेक करकरले, धुरळा आमच्या दोघांच्या अंगावर बसला. त्यानं पिशवी वर पायरीवर ठेवली.

“मंग नको,” तो म्हणाला. “सोला दिवस झाले, नाय घेतली मी.”

आणि वळला. मी दारात दांडा धरून उभी होते. कंडक्टर आत चला म्हणत होता. नितीन मातीच्या वाटेनं परत चालला होता, पाय ओढत, एकदाही मागं न बघता. चौदा वर्षांत मी या गावात पहिल्यांदा कुणाला तरी ‘नाही’ म्हणायची संधी दिली होती.